भिवातात्या आणि उजवीकडे पळणारा शिपाई

भिवातात्यांच्या हातात लग्नाची पत्रिका पडली की ते नवरानवरीची नावं वाचायचे नाहीत. पत्रिका उलटीपालटी करायचे आणि विचारायचे, "ह्यात आपलं कोन हाय?" सलूनमधल्या कॅलेंडरलाही तोच प्रश्न. शाळेच्या भिंतीवर मी महिनाभर खपून थोर माणसांची रांग रंगवली होती. तात्यांनी ती पाच मिनिटं निरखली, झ्याक हाय म्हणाले, आणि वर तेच विचारलं. मी पुन्हा भिंतीकडं बघितलं. खरंच कुणी नव्हतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मी बारामतीत चित्रकलेचा मास्तर. बारामतीलगत जळोचीत तात्यांची आणि आमची भिंत एकच. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तात्यांची हयात मेंढरांमागं गेलेली, पण दोन वर्षांपूर्वी मेंढरं विकून ते एमआयडीसीत दुधाच्या पिशव्या भरायच्या कामाला लागले होते. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई, दोघंच. इंदापूरच्या एका प्रदर्शनात मिक्सर लागेल म्हणून त्यांनी सोडतीत नाव घातलं आणि लागला व्हिडिओ गेम. खोकं घेऊन ते थेट माझ्याकडं आले. दोन बटणांचा रिमोट दाखवून विचारलं, "मास्तर, ह्यात चटणी कुठं घालायची?" चेष्टा होती की खरंच विचारत होते, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

खोक्यात एकच कॅसेट होती. एक बुटका शिपाई डावीकडून उजवीकडं पळतो, खड्डे ओलांडतो, वटवाघळं मारतो आणि शेवटी बुरुजात कोंडलेल्या राजकन्येला सोडवतो. बास. मी दहा मिनिटांत कंटाळलो. तात्या मात्र ड्युटीवरून आले की हातपाय धुऊन, कॅसेटमध्ये फुंकर मारून मांडी ठोकायचे. आठवड्याभरात त्यांना मतं फुटली, आणि माझ्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली.

पहिलं मत, ही कला आहे. मी म्हटलं, तात्या, हा पोरखेळ आहे. त्यावर त्यांनी मला विचारलं की तुम्ही काढलेल्या कुंडीत पाणी घालता येतं का. नाही म्हटलं. तुमच्या चित्रातला माणूस खड्ड्यात पडला तर तुमच्या पोटात गोळा येतो का. नाही म्हटलं. मग कुणाची कला मोठी? बारा वर्षं मी पोरांना छायाप्रकाश शिकवत होतो. त्या रात्री कूस बदलत पडलो, कारण त्यांचं चुकतंय कुठं ते सापडेना. सकाळी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, आधी दूध आणा.

दुसरं मत आणखी अवघड. शिपाई बाप्या, वटवाघळांचा राजा बाप्या, आणि बाई कुठं, तर कोंडलेली. ती स्वतः कडी काढून बाहेर का येत नाही? "आमच्या आयनं लांडग्याला काठीनं हानलंय, मास्तर. हिला कडी निघंना?" मग आपला प्रश्न: ह्यात आपलं कोन हाय? शेतकरी नाही, मेंढक्या नाही, शेळी हाकणारी पोरगी नाही. विचार करकरून त्यांनी निकाल दिला, "हे बनवनारी समदी एकाच आळीतली असनार."

मी सांगितलं, हे परदेशात बनतं. तर म्हणाले, तिकडं आळ्या नसतात व्हय? मला काय ठाऊक. मी पुण्याच्या पुढं गेलेलो नाही.

एका रविवारी ते फुलस्केप कागद घेऊनच आले. बनवणाऱ्यांना पत्र लिहायचं म्हणाले. मी मनाशी यादी धरली होती: राजकन्येच्या हातात काठी द्या, शिपायाला मुंडासं बांधा. तसलं काहीच नाही. तात्यांनी एकच वाक्य सांगितलं. "शिपायाला मागं जाऊ द्या."

मी पेन खाली ठेवलं. त्या गेममध्ये पडदा पुढं सरकला की सरकला. जे डाव्या कडेला गेलं ते गेलं, शिपाई तिथं जाऊन नुसता अडतो. पण राजकन्या पुढं आहे, मागं जाऊन करायचंय काय? असलं पत्र वाचून ते लोक हसतील म्हटलं. तात्यांनी कागद उचलला. मग म्हणाले, "घरी चला."

घरात म्हातारी टीव्हीपुढं बसली होती. मी तिला एरवी दाराशीच बघितलेलं, भिंतीला टेकून, कुणाशी चकार शब्द न बोलता. तात्यांनी हळू आवाजात सांगितलं ते असं. मेंढरं वडगाव निंबाळकरच्या माणसाला विकली, त्या दिवशी ती निघालेल्या मेंढरांमागं ओढ्यापर्यंत चालत गेली. तात्यांनी तिला दंडाला धरून परत आणलं, मागं वळू दिलं नाही. तेव्हापासून ती तात्यांशी बोलत नव्हती. ते दुधाच्या कामाला जात होते, आणि ती त्यांच्या हातचं तेवढं खात होती.

"आन् महिन्यापूर्वी मी खेळत हुतो, तर मागनं म्हनली, भिवा, मेंढी मागं राह्यली."

मी पडद्याकडं बघितलं. दुसऱ्या खड्ड्यानंतर गवताचा एक पट्टा होता आणि त्यावर एक पांढरा ठिपका. शोभेला काढलेला. आठ-दहा चौकोन, त्यांना कान ना डोळे. इतक्या दिवसांत मला, चित्रकलेच्या मास्तरला, तो दिसला नव्हता.

त्या दिवसापासून म्हातारी स्वतः खेळत होती. ठिपका डाव्या कडेनं गेला की ती शिपायाला मागं रेटायची, तो अडायचा, वेळ संपून मरायचा. मी बसलो होतो तेव्हा मात्र ती शहाणी झालेली. पुढं गेलीच नाही. शिपाई ठिपक्याशेजारी उभा केला आणि रिमोट तात्यांच्या हातात दिला.

"मास्तर आल्यात. च्या टाकते. तवर तू हिच्यापाशी थांब."

ती आत गेली. कोपऱ्यातले आकडे उतरत शून्यावर आले, शिपाई कोसळला. तात्यांनी आवाज बारीक केला, पहिल्यापासून सुरू केलं, दोन खड्डे ओलांडून गवतापाशी आले आणि बोटं उचलली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी फुलस्केप कागदावर ते एकच वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. पत्ता कुठला घालायचा ते दोघांनाही माहीत नव्हतं.

आतून स्टोचा आवाज येत होता. त्यावरून म्हातारीनं हाक मारली.

"हाय का रं ती?"

"हाय, आय," तात्या म्हणाले. "हितंच हाय."