शांतवनमामांचं आधीच ठरलेलं

करंजी घाटाच्या तोंडाशी एस्टी थांबवून ड्रायव्हरनं मागं वळावं आणि म्हणावं, "मंडळी, आज आपन पोचनार का न्हाई, ते जग व्हायच्या आधीच ठरलंय," तर तुम्ही काय कराल? एक बाई कोंबडीसकट खाली उतरल्या. ड्रायव्हर शांतवनमामांनी हात जोडून त्यांना परत बसवलं. मग सगळ्या चाकांना लाथा मारून पाहिल्या, ब्रेक तपासले आणि बाळंतिणीला न्यावं तशी गाडी घाटातून उतरवली.

मी तिसगावच्या शाळेत नुकतीच लागले होते आणि मामांच्या शेजारीच राहायला आले होते. न राहवून विचारलं, "ठरलेलंच आहे, तर ब्रेक कशाला तपासायचे?"

"बाई, पोचायचं ज्यानं ठरवलं, त्यानंच ब्रेक दाबायचंबी ठरवलं. उतरवनार तो. पाय तेवढा माझा."

मामांचं घराणं जुन्या मिशनचं, कॅल्विनपंथी शिकवणीचं. देवानं आपली माणसं आधीच निवडून ठेवली आहेत, त्यात माणसाच्या पुण्याईचा काडीचा संबंध नाही, हे ते चहाच्या टपरीवरसुद्धा सांगत. आणि कोण निवडलेलं आहे ते कळायला मार्ग नाही, म्हणून दारू पिऊन गटाराकडेला पडलेल्यालाही "अहो" म्हणून उठवत. "काय सांगावं, आपल्या आधीचा नंबर असायचा!"

एस्तेरमामी मात्र बाप्टिस्ट घरातल्या. सोळाव्या वर्षी, स्वतःच्या मनानं, नेवाशाला प्रवरेच्या पाण्यात उतरून त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. मामांचा झाला तान्हेपणी, डोक्यावर पाणी शिंपडून.

"चार थेंब शिंपडले की झालं? कोथिंबिरीची जुडी हाय का तुमी?" मामी म्हणायच्या. "देव दार वाजवतो. कडी आपनच काढायची असती."

"पापात मेलेला मानूस कडी काढतो व्हय? तोच दार उघडतो, तोच आत येतो."

"मग तुमाला कशाला ठेवलंय?"

मेथी निवडता निवडता हे चालायचं. माझ्या माहेरी भांडणं व्हायची ती भाजीतल्या मिठावरून. इथं दोन माणसं एका सुपाशी बसून अनंतकाळावरून भांडत होती आणि भांडून झाल्यावर एका ताटात जेवत होती. मी ओट्यावर बसून थक्क होऊन ऐकत राहायचे.

मामा रिटायर झाले आणि काही वर्षांनी मामी विसरायला लागल्या. आधी गॅस, मग गल्ली. एका रविवारी चर्चमध्ये त्यांची प्रभूची प्रार्थना अर्ध्यावरच थांबली.

त्यानंतर एका दुपारी त्या अनवाणी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. मागोमाग मामा.

"बाई, त्याचं नाव काय हो?" त्यांनी मला विचारलं. "मी पान्यात उतरले हुते, त्याच्यासाठी. नाव आठवंना. मीच धरलं हुतं, मीच सोडलं. आता माझं कसं हुईल?"

मी मामांकडं पाहिलं. इतक्या वर्षांचा वाद जिंकायची संधी त्यांच्या हातात आयती आली होती. मामा हळूच खाली बसले आणि मामींचे धुळीनं भरलेले पाय त्यांनी मांडीवर घेतले.

"एस्तेर, तू त्याला इसरलीस तर इसर. त्यानं तुला धरलंय. तुझी मूठ सुटली, त्याची न्हाई सुटत."

"पर नाव?"

"तुझं नाव त्याला पाठ हाय. तेवढ्यावर भागतंय."

मामी बघत राहिल्या. मग त्यांनी पाठ भिंतीला टेकवली. मामा धोतराच्या सोग्यानं त्यांच्या पायांची धूळ पुसत होते. ज्या शिकवणीला मी आजवर नुसती हसत आले होते, ती माझ्या डोळ्यांदेखत एका बाईला उचलून घेत होती.

संध्याकाळी मामी झोपल्यावर मामा अंगणात भांडी घासत होते. मी म्हटलं, "मामा, तुमचा विश्वास मोठा."

"तिच्याबद्दल हाय. माझ्याबद्दल कदी छाती झाली न्हाई, बाई."

मला वाटलं, चेष्टा करताहेत.

"निवडलेत कोन, ते कुनाला ठाऊक? मी त्यात हाय का न्हाई, ह्यो घोर मला लहानपनापासून. भांडन रंगलं की ती शेवटी वराडायची, 'अवो, तुमाला बी बोलावलंय त्यानं, बहिरे हाय का तुमी?' लई ठाम. ते ऐकावं म्हनून तर मी वाद काढायचो." त्यांनी तवा उलटा करून ठेवला. "आता तिला मीच ठाऊक न्हाई. कोन म्हननार?"

मी वाहता नळ बंद केला.

"मी म्हणू का, मामा?"

ते ओल्या हातांनी डोळे पुसत हसले. "म्हना. पर भांडून म्हना. तिच्यावानी."

आठवीच्या वर्गाला गप्प करणारा माझा आवाज. 'अहो, तुम्हालाही बोलावलंय त्यानं' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि तो काही केल्या चढेना.