डावा खांदा हनुवटीखाली

आमच्या तारापूरच्या कारखान्यात नवे साहेब आले आणि त्यांनी मला रविवारी गोल्फ खेळायला बोलावलं. मी लगेच हो म्हटलं! विटीदांडूत अख्ख्या पाम गावाला रडवलेला माणूस मी. इथे तर चेंडू बिचारा आपणहून जागेवर बसून राहतो!

साहेबांनी सरावाला एक काठी दिली. शनिवारी सकाळी बायकोला घेऊन केळव्याच्या किनाऱ्यावर गेलो. चंद्रकांता मोबाइलवरचा व्हिडिओ ऐकून हुकूम सोडत होती.

"काठी मागे न्या. कंबर फिरवा. डावा खांदा हनुवटीखाली!"

डावा आला. उजवा मात्र गंजलेल्या बिजागरीसारखा करकरला. तेवढ्यात चेंडू घरंगळला आणि तो नीट ठेवायला ही माझ्यासमोर वाकली. नेमका तेव्हाच खांदा अडकला! काठी डोक्यावर, खाली येईना. कळ अशी की तोंडातून शब्दही फुटेना.

पलीकडे बोंबील वाळत घालणाऱ्या हिराबाईंनी हे पाहिलं.

"ए! बायकोवर काठी उगारतो? लाज नाय वाटत?"

त्यांच्यामागून आणखी चार जणी धावल्या.

"अहो, मी खेळतोय!" मी कसाबसा बोललो.

"बायकोला मारायचा खेळ हाय काय?"

हिराबाईंनी मागून काठी हिसकली. मी असा ओरडलो की कावळेसुद्धा बोंबील टाकून उडाले!

"थांबा, मारत नव्हते ते!" चंद्रकांता मध्ये पडली. मग माझ्याकडे वळली. "खांदा कधीपासून दुखतोय?"

"तीन महिने."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुझे गुडघे आधीच दुखतात. त्यात माझं कुठे..."

हिराबाईंनी चुलीवर वाळू तापवली, फडक्यात बांधली आणि "आमी उगाच वरडलो, भाऊ" म्हणत खांदा शेकायला घेतला. मी साहेबांना फोन करून येत नसल्याचं कळवलं. "बरं झालं," साहेब म्हणाले, "गोल्फला चौघंच लागतात आणि आम्ही चौघं आहोतच, तुम्ही पाचवे होत होता!"

चंद्रकांता समुद्राकडे बघत म्हणाली, "टीव्ही बघताना माझ्या खांद्यावर हात टाकायचं बंद केलंत. मला वाटलं, कंटाळलात मला."

मी सरकून तिच्या दुसऱ्या बाजूला बसलो आणि डावा हात हळूच तिच्या खांद्यावर टाकला. तिने डोळे पुसले, माझ्या हाताकडे पाहिलं.

"हा चांगला आहे ना? मग तीन महिने कुठे गेला होता?"

खरं सांगतो, बाजू बदलून बसायचं मला सुचलंच नव्हतं!