सरकारी नावेची दुरुस्ती

बजेट करावं तर आम्हीच! लोकांना वाटतं, त्याला फार अक्कल लागते. छे! गेल्या वर्षीचा आकडा घ्यायचा, त्यात पाच टक्के मिसळायचे आणि चहाला जायचं. अख्ख्या खात्याचं बजेट मी असं जेवणाच्या सुट्टीआधी हातावेगळं करतो. म्हणूनच हेडक्लार्कची रिकामी खुर्ची यंदा मलाच मिळणार, हे शिपायापासून बायकोपर्यंत सगळे धरून चालले होते.

तेवढ्यात नवे साहेब आले. त्यांनी बजेट चक्क वाचलं!

"ही 'सरकारी नावेची दुरुस्ती' काय भानगड आहे?"

नदीवर पूल होऊन जमाना लोटला होता. नाव कुजली, नावाडी पेन्शनीत गेला, पण आकडा आपला दरवर्षी बाळसं धरत होता! पैसे न खर्चता परत जायचे, त्यामुळे कुणाची हरकतही नव्हती.

"आपली नाव आहे ना, साहेब!" मी ठोकून दिलं.

"वा! उद्या बसून बघू."

बढती बुडायला नको म्हणून मी मेहुण्याचे पाय धरले. तो बागेतल्या तळ्यात पायडलच्या बोटी भाड्याने देतो.

"भावजी, हंसाची तेवढी मोकळी आहे."

"मान कापून दे!"

"अहो, पोरं रडतील!"

शेवटी मानेला गोणपाट गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी साहेब ऐटीत बसले, मी घामाघूम होऊन पायडल मारू लागलो. नदीच्या मध्यावर गोणपाट सुटलं, हंसाने मान वर काढली आणि पुलावरून टाळ्या पडल्या! साहेब दचकून उभे राहिले. हंस कलंडला. पाणी कमरेइतकंच होतं, पण साहेब डोक्यापर्यंत भिजले.

"काय ही नावेची दशा!" शेवाळ झटकत साहेब कडाडले.

"चुकलं, साहेब..."

"तुमचं काय चुकलं? एवढ्याशा तरतुदीत दुसरं काय होणार! दसपट करा!"

"दसपट? पण साहेब, हा पूल..."

"तेच म्हणतोय! बिचारी एवढी माणसं पुलावर नावेची वाट बघत उभी आहेत, दिसत नाहीत तुम्हाला?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण सवय वाईट!

"एवढे पैसे आणायचे कुठून, साहेब?"

"हेडक्लार्कची जागा रिकामीच आहे ना? रद्द करा ती!"

घरी पोचलो तर बायको दारातच उभी.

"झाली का बढती?"

"झाली," मी बूट उलटे करून पाणी काढत म्हटलं, "नावेची!"