लंबूचा तिसरा ब्लॉक

कार्ले फाट्यावर कणसांची गाडी लावणाऱ्या निजामने जन्मात बास्केटबॉलला हात लावला नव्हता. पण अमेरिकेतला कुठला गडी किती ब्लॉक मारणार, हे तो छातीठोक सांगायचा. ब्लॉक म्हणजे समोरच्याने बास्केटकडे फेकलेला चेंडू हवेतच थोपवायचा. त्यावर 'हो' किंवा 'नाही' विकत घ्यायचं एक ॲप त्याच्या मोबाइलात होतं. खरं ठरलं तर भाव शंभर, नाहीतर शून्य. नाणी सगळी खोटी. तरी त्याची बायको चाँदबी त्याला जुगारच म्हणायची.

"जुगार न्हाई, अभ्यास हाय!" निजाम खवळायचा. (अभ्यास एवढाच, की सगळ्यात उंच गडी निवडायचा. त्याचं नाव निजामने लंबू ठेवलं होतं.)

शनिवारी ती पुन्हा बोलली आणि त्याचं डोकं फिरलं. शेजारच्या नारळवाल्या रतनला साक्षीला बोलावून त्याने जाहीर केलं, "उद्या आपला लंबू तीन ब्लॉक मारणार. सगळी नाणी 'हो'वर! बुडाली, तर खुर्चीवर तू बस, कणसं मी भाजीन."

चाँदबीने पदर खोचला. बावीस वर्षं ती शेगडीच्या धुरात उभी होती आणि निजाम छत्रीखाली, गल्ल्याच्या खुर्चीवर बसून होता. "मागनं फिरायचं न्हाई हां," ती म्हणाली.

रविवारी सकाळी तिकडे सामना रंगला, इकडे सहलीच्या बसा लागल्या. लंबूचे दोन ब्लॉक झाले आणि 'हो'चा भाव साठावरून नव्वदवर चढला.

"निजामभाई, विकून मोकळे व्हा. दीडपट झालीत नाणी," रतन म्हणाला.

"गरम हाय तवर विकावं," चाँदबी सवयीने बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"भित्रे विकतात! मी शेवटपातुर धरणार!"

शेवटचं मिनिट. लंबू उडाला. निजामही खुर्चीवरून उडाला, हात वर, "तिसराऽ!" नेमकी तेव्हाच चाँदबी त्याच्या डोक्यावरून गिऱ्हाइकाला कणीस देत होती. निजामचा फटका बसून ते थेट रस्त्यापलीकडे गेलं.

"ह्योच धरा तुमचा तिसरा," ती म्हणाली.

लंबूचा तिसरा पंचांनी धरलाच नव्हता. चेंडू खाली येताना अडवला तर तो ब्लॉक नव्हे, असा नियम रतनने वाचून दाखवला. भाव धाडकन शून्यावर आला.

"मग तीन महिने अभ्यास कसला केला वो?" चाँदबीने विचारलं.

निजामने अमेरिकेतल्या पंचाला फाट्यावरून अस्सल मावळी शिव्या घातल्या. चाँदबीने नुसतं खुर्चीकडे पाहिलं.

"बस, बस! पन ध्यानात ठेव, मी हरलो न्हाई. लंबू हरला!"

पहिलं कणीस जळालं, दुसरं कच्चं राहिलं. "धूर हाय, रडत न्हाई मी!" कुणी न विचारताच तो ओरडला. छत्रीखाली चाँदबीने पाय लांब केले. तिला फार बरं वाटलं.

तेवढ्यात बसचा ड्रायव्हर रखमाजी आला. बस थांबवणाऱ्या ड्रायव्हरला कणीस फुकट, हा फाट्याचा रिवाज. त्यामुळे नऊ वर्षांत त्याचा गल्ल्याशी संबंधच आला नव्हता.

"भाभी, आज खुर्चीवर?"

"व्हय. आता रोजच."

"झ्याक झालं. आन् ह्या चाच्यांना कामावर ठिवलंत ते तर लयच ब्येस. नऊ वर्सं बघतोय, बिचारे दिवसभर हितंच बसल्यालं. मला वाटायचं, ह्यांची यष्टी काय येतच न्हाई!"