टायडी घर आणि ठमाबाईचा डोळा

टायडी हा शब्द माझ्या घरात सृष्टीनं आणला. सृष्टी म्हणजे माझी नात, तेव्हा इंग्रजी शाळेत दुसरीला. सत्त्याण्णव साल असावं. शाळेतून आली की दप्तर कोपऱ्यात फेकायची आणि मग बाकी सगळ्यांना टायडी करत सुटायची. दोन वेण्या सारख्या आल्या तर टायडी. वहीत खाडाखोड नसली तर टायडी. नखं, मोजे, पांघरुणाची घडी, सगळं टायडी. घरात मी तेवढा नव्हतो. (मी मखमलाबादचा माळी. कांदा, कोथिंबीर, शेवंती. शाळा चौथीत सुटली, ती मास्तरच्या आणि माझ्या अशा दोघांच्या खुशीनं.)

त्याच आठवड्यात बायकोचं, म्हणजे ठमाबाईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. डाव्या डोळ्याचं. उजव्यानं तिला दिवस की रात्र एवढंच कळायचं, आणि तो सुधारणार नाही असं डॉक्टर सांगून मोकळा झाला होता. म्हणजे मिळाला तर हा एकच डोळा मिळणार. घरी गेल्यावर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही आणि शिंकायचं तर मुळीच नाही, टाका तुटला तर डोळा गेला, असं त्यानं मला दोनदा ऐकवलं. (माझं तोंड बघून लोक सगळं दोनदाच सांगतात.)

ती तीन दिवस दवाखान्यात. सून दीपमाला तिच्याजवळ, मुलगा ओझरला कारखान्यात. घरी मी आणि सृष्टी. बसल्या बसल्या मला वाटलं, चाळीस वर्षं हिनं आपलं सगळं केलं आणि आपण साधं बरं म्हटलं नाही. आता हिचा डोळा उघडेल तेव्हा समोर काहीतरी बघण्यासारखं असावं. (मी सोडून.) स्वयंपाकघर टायडी करायचं ठरवलं.

"सृष्टे, टायडी म्हणजे नक्की काय गं?"

"नाना, आमची प्रार्थनेची लाइन असते ना, तसं. बुटके पुढं, उंच मागं. मधे कुणी हलायचं नाही."

हात्तिच्या, ही तर प्रतवारी. कांद्याची प्रतवारी करण्यात माझा जन्म गेला. मोठा माल वेगळा, मध्यम वेगळा, बारीक गोल्टी वेगळी. त्यात काय शिकायचंय.

ठमाबाईच्या फळ्यांवर नुसता गोंधळ होता. थोरल्या डब्याशेजारी चिमुकली डबी, तिच्यामागं तांब्या, तांब्यात सुया. त्यात निम्मे डबे अर्धेच भरलेले. अर्धी गोणी मार्केटात नेली तर व्यापारी तोंड वाकडं करतो, मग घरात तरी अर्धा डबा का म्हणून? ज्यात जे काठोकाठ बसेल ते ओतत गेलो. रवा बेसनाच्या डब्यात, साखर साबुदाण्याच्या, आणि वर्षाचं कुटलेलं तिखट साखरेच्या डब्यात. अगदी मापात बसलं. मला फार समाधान वाटलं. एक थोरला पत्र्याचा डबा तेवढा रिकामा उरला, तो बाहेर ओट्यावर टाकला. बाकी सगळे उंचीनं उभे केले. सृष्टीनं फळीवर कागदाचा तारा चिकटवला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं बक्षीस.

तिसऱ्या दिवशी ठमाबाई आली. डोळ्यावर हिरवी पट्टी. मी तिला बाहेरच्या खाटेवर बसवलं आणि मनात म्हटलं, पट्टी निघेपर्यंत दम धरायचा, मग दाखवायचं. दीपमाला मागं धुणं घेऊन बसली. मी जरा पाय पसरले.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आली नव्हती. त्या स्वयंपाकघरात ठमाबाई डोळ्यानं बघतच नव्हती. दोन वर्षं तिचे हातच बघत होते. दवाखान्यातल्या चहाला ती आधीच वैतागली होती. गेली उठून. दुसरी फळी, डावीकडून चौथा डबा, साखर. साखरेच्या गुठळ्या फुटाव्यात म्हणून झाकण काढायच्या आधी डबा खाली दोनदा आपटायची तिची सवय. ती धपधप मला खाटेवर ऐकू आली. माझ्या उंचीच्या रांगेतही साखरेचा डबा नेमका चौथाच आला होता, आणि त्यात काय आहे ते मला आठवलं. मी उठेपर्यंत पहिली शिंक आली होती.

एकूण तीन शिंका. मी मोजल्या.

रिक्षात ती पट्टीवर हात धरून बसली होती, दीपमाला रडत होती आणि मी सप्तशृंगीला नवस बोलत होतो. आधी पायरी-पायरीला नारळ बोललो. मग पंचवटी येईपर्यंत बिड्याही सोडल्या.

डॉक्टरनं पट्टी काढली. बॅटरी मारून बराच वेळ बघितलं. मी त्याच्या मागं उभा होतो. मग त्यानं तिच्यासमोर बोटं धरली आणि किती म्हणून विचारलं.

"दोन," ठमाबाई म्हणाली. "अन् मागं यांच्या सदऱ्याची बटणं एक काज खाली लावलीत."

टाका शाबूत होता. मी तिथंच डॉक्टरचे पाय धरले. तो मागं सरकला. (डबा उचलताना लागलेलं तिखट हाताला होतं.) त्यानं मला अडाणी म्हटलं, तेही मला गोड लागलं.

घरी आल्यावर ठमाबाई फळ्यांसमोर उभी राहिली. त्या एका डोळ्यानं उंचीनं लावलेले डबे बघितले, तारा बघितला. मला वाटलं, आता भडकते.

"दिसायला लय भारी हाय," ती म्हणाली. "पण हात घातला की सापडलं पायजे. आमचं टायडी ते हाय."

मग खुर्चीवर बसून तिनं मुद्दाम डोळा मिटला आणि कुठला डबा कुठं ते तोंडानं सांगत गेली. मी लावत गेलो. एक चुकला नाही. अंधार पडेस्तोवर आमचं स्वयंपाकघर पहिल्यासारखं विस्कटलेलं झालं आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. शेवटी तिनं थोरल्या डब्याची चौकशी केली.

"ओट्यावर टाकलाय," मी म्हटलं. "रिकामा हाय, गंजलाय, झाकणबी मिटत नाय. घरात कशाला पायजे?"

तिनं डोळा उघडला. नव्या नजरेनं मला वरपासून खालपर्यंत सावकाश बघितलं.

"मग तुमी आत काय करता?"

डबा त्याच दिवशी आत आला. खाट माझी अजून ओट्यावर आहे.