ब्याण्णव नंबरची नायिका

सकाळी सात वाजता पिक्चरवाल्यांनी चांभारगल्लीतल्या बंद दुकानावर पाटी ठोकली. लोणी, साखर, सॉसेज. सव्वासातला पाटीखाली तीन बायका उभ्या होत्या, पावणेआठला सतरा माणसं. पाटी ठोकणारा सुतार शिडीवरून खाली उतरला, तेव्हा त्यालाही कुणीतरी नंबर दिला आणि त्यानं तो निमूट घेतला.

हे दुकान नऊ वर्षं बंद होतं, आणि झारेचिन्स्क गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. पण चौकातलं दुसरं दुकान रोज उघडं असायचं आणि त्यात मोहरीच्या बाटल्यांखेरीज काही नसायचं. उघड्या दुकानात जर काही नाही, तर बंद दुकानात असायला हरकत काय? नगर समितीतल्या साहेबांना हा विचार सुचला नसता, कारण त्यांच्या घरी सॉसेज मागच्या दारानं येत. बाकी गावाला तो आपोआप सुचला.

दिग्दर्शक इनोकेंती पाव्लोविच ड्रोझ्दोव्ह मॉस्कोहून आला होता. एकोणीसशे सत्तेचाळीस सालचं बालपण आणि पहिलं प्रेम, असा त्याचा पिक्चर. उन्हाळाभर सगळं चित्रण झालं होतं, एकच दृश्य राहिलं होतं. युद्धानंतरची रांग, आणि रांगेत उभा असलेला मुलगा आपली जागा मागच्या मुलीला देतो. एवढंच. चुंबन नाही, गाणं नाही. पण हे दृश्य नसेल तर पिक्चरमध्ये प्रेमच उरत नव्हतं, नुसते खरचटलेले गुडघे.

आणि ते आजच व्हायला हवं होतं. नायिका अस्या, वय वर्षं अकरा, संध्याकाळी पाच दहाच्या गाडीनं मॉस्कोला परत जाणार होती. एक सप्टेंबरला शाळा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं, तर पोरगी अशा वेगानं उंच होत होती की आत्ताच नायकाला, मित्याला, विटेवर उभं करावं लागे. त्यातून मित्या तिच्याकडे बघायलाच तयार नव्हता. तीन महिने तो तिच्या कानाच्या पाळीकडे बघून संवाद म्हणत होता.

साडेनऊला बस आली. सूतगिरणीच्या नाट्यमंडळाची तीस माणसं, अंगात जुनी कापूस भरलेली जॅकेटं, डोक्याला रुमाल, अगदी सत्तेचाळीस सालची गर्दी. ती सरळ दुकानाच्या दाराशी गेली.

"कुठे निघालात?" प्रास्कोव्या येगोरोव्नानं विचारलं. ही निवृत्त ट्राम कंडक्टर. थुंकी लावली की जांभळी उमटणारी पेन्सिल तिच्या हातात होती, म्हणजे सत्ता तिच्या हातात होती.

"आम्ही रांगेतली माणसं आहोत," नाट्यमंडळाचा एक जण म्हणाला.

"ती तर आम्हीही आहोत. मागे जा. हात दाखव."

तिनं तिसांच्या तळहातांवर आकडे लिहिले. त्यांच्या मागे उभ्या केलेल्या मित्याला एक्याण्णव नंबर मिळाला, अस्याला ब्याण्णव. कॅमेरा दाराशी उभा होता. नायक-नायिका गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, गर्दीच्या आड, कचऱ्याच्या पिंपांशेजारी, कॅमेऱ्याच्या बापालाही दिसणार नाहीत अशा जागी.

दिग्दर्शकाची साहाय्यक रिम्मा भोंगा घेऊन पुढे आली. "नागरिकहो, इथे पिक्चरचं चित्रण आहे. इथे काहीही विकलं जाणार नाही. कृपया घरी जा."

रांग आणखी जवळ सरकली. मग एक म्हातारा म्हणाला, "ऐकलंत? काही नाही म्हणतायत."

"म्हणजे आहे," त्याच्या मागची बाई म्हणाली.

"आहे, पण थोडंच आहे. भरपूर असतं तर सांगायला भोंगा कशाला आणला असता?"

दहा मिनिटांत रांग दीडशेवर गेली. रिम्मानं दुकानाच्या खिडकीत चित्रणासाठी मांडलेलं सॉसेज उचललं आणि भिंतीवर आपटलं. त्याचे दोन तुकडे झाले, आतून पांढरी माती निघाली.

"हे बघा, प्लास्टरचं आहे."

"पोरी, खिडकीत प्लास्टरचंच ठेवतात," प्रास्कोव्या तिला समजावत म्हणाली. "खरं मागे असतं. तू मॉस्कोची, तुला नाही कळायचं."

मिलिशियाचा, म्हणजे तिथल्या पोलिसांचा, शिपाई बोलावला. तो आला, टोपी सरळ केली, रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि रिम्माच्या कानाशी वाकला. "काय येतंय?"

"काही येत नाहीये. यांना हाकला."

"बरं," तो म्हणाला, आणि बायकोला बोलावून आणायला गेला.

शेवटी इनोकेंती पाव्लोविच स्वतः स्टुलावर चढला. बिचारा मनापासून बोलला. "मित्रांनो, हे दृश्य दोन लहान मुलांच्या पहिल्या प्रेमाचं आहे. त्यांना फक्त पुढे येऊ द्या. पाच मिनिटं."

"प्रेमाला कोण नको म्हणतंय?" प्रास्कोव्या म्हणाली. "करू दे की. नंबरप्रमाणे."

"आजी, लहान मुलं आहेत हो ती."

"मुलं दाखवून पुढे घुसणारे मी तीस वर्षं ट्राममध्ये पाहिले, साहेब. एक बाई तर उशीला टोपडं घालून आणायची."

कॅमेरामन रूबेन आर्मेनियाचा. तो आत्तापर्यंत पिंपावर बसून कलिंगड खात होता. बी थुंकून तो म्हणाला, "मुलं कॅमेऱ्याकडे येत नसतील, तर कॅमेरा मुलांकडे नेऊ. गर्दी झकास आहे. फक्त कपडे चुकले."

कपडे खरंच चुकले होते. नायलॉनचे ब्लाऊज, प्लॅस्टिकच्या पिशव्या, एकाच्या छातीवर मॉस्को ऑलिंपिकचं बसकं अस्वल. रिम्मा अनुभवानं शहाणी झाली होती. तिनं भोंगा खाली ठेवला आणि एका बाईला हळूच सांगितलं की जुने कोट घालणाऱ्यांचा वेगळा विचार होणार आहे. कसला विचार ते सांगितलं नाही. ते सांगावं लागत नाही. बातमी रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत "कोटवाल्यांना दोन-दोन किलो" झाली होती. माणसं शेजाऱ्याला जागा सांभाळायला सांगून घराकडे पळाली. पेट्या उघडल्या गेल्या. अर्ध्या तासात चांभारगल्ली डांबराच्या गोळ्यांच्या वासानं भरली आणि सगळं गाव ऑगस्टच्या उन्हात लष्करी कोट घालून घाम पुसत उभं राहिलं. इतकं खरं सत्तेचाळीस साल सत्तेचाळीसमध्येही नसेल.

कॅमेऱ्याचे रूळ उचलून पिंपांशी आणले, दिवे आणले. दुपारचे दोन वाजले.

"चला," इनोकेंती पाव्लोविच म्हणाला. "मित्या, तिच्याकडे बघ आणि म्हण."

मित्या तिच्या कानाच्या पाळीकडे बघून म्हणाला, "तू माझ्या जागी उभी राहा."

"ए, ए," त्र्याण्णव नंबरचा लष्करी कोट पुढे आला. "जागा अशी देता येत नाही. तुला नको असेल तर मागे जा, शेवटी."

"कट. काका, तुम्ही बोलू नका."

"का बोलू नको? आज हिला दिली, उद्या भाचीला देईल."

दुसऱ्यांदा घेतलं, त्र्याण्णवनं पुन्हा हरकत घेतली. तिसऱ्यांदा तो गप्प बसला, पण शंभरपर्यंतच्या सगळ्यांनी त्याच्या वतीनं आवाज उठवला. चौथ्यांदा प्रास्कोव्या मध्येच तपासणीला आली, कारण दर तासाला पुकारा व्हायचा आणि गैरहजर माणसाच्या नावावर काट बसायची.

"एक्याण्णव, हात."

मित्यानं तळहात उघडला. घामानं आकड्याची जांभळी शाई पसरून नुसता डाग झाला होता.

"नंबर नाही," प्रास्कोव्या म्हणाली. "बाहेर हो."

"होता," मित्या म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला.

"सगळ्यांचाच होता."

तेव्हा अस्या पुढे झाली. मॉस्कोची, सहा पिक्चर केलेली, गेले तीन महिने नाक वर करून फिरणारी. तिनं त्याचा हात धरून म्हातारीच्या नाकाखाली नेला. "हा माझ्या पुढे आहे. सकाळपासून. मी ब्याण्णव, म्हणजे हा एक्याण्णव. ह्याला काढलंत तर मी एक्याण्णव कशी होईन? तुमचाच पुकारा चुकेल."

प्रास्कोव्यानं आधी तिच्या तळहातावरचा ब्याण्णव तपासला. मग पेन्सिल तिच्या हातात दिली. "लिही तूच. नीट लिही."

अस्यानं पेन्सिलीला थुंकी लावली आणि त्याच्या तळहातावर सावकाश आकडा काढला. मित्या तीन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"घेतलंस?" इनोकेंती पाव्लोविच ओरडला.

"फिल्म बदलत होतो," रूबेन म्हणाला.

दिग्दर्शक विटेवर बसला. मित्याची वीट. त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं.

इकडे नगर समितीत फोन खणखणत होते. चांभारगल्लीत तीनशे माणसं जुने लष्करी कोट घालून जमली आहेत, अशी बातमी वर गेली होती. वरच्या माणसांना जनता भुकेली असली तर चालते, एका जागी जमलेली चालत नाही. सचिवांनी स्वतःच्या उपाहारगृहाचं कोठार उघडलं आणि ट्रक भरून सॉसेज पाठवून दिलं. नऊ वर्षं जे शक्य नव्हतं, ते वीस मिनिटांत झालं. पण ट्रकचा ड्रायव्हर गावातलाच होता. चांभारगल्लीतलं दुकान बंद आहे हे त्याला माहीत होतं. त्यानं ट्रक सरळ चौकात नेला.

चार वाजता गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ओरडलं, "चौकात उतरवतायत."

मग जे झालं त्याला पळापळ म्हणणं कमीपणाचं होईल. तीनशे लष्करी कोट एकदम वळले. शिपाई सर्वांत पुढे होता. त्याच्या मागे प्रास्कोव्या, पेन्सिल उंच धरून, "नंबर तेच, नंबर तेच," ओरडत. नाट्यमंडळ पळालं, सुतार पळाला, ध्वनिमुद्रण करणारा कानावरचे हेडफोन गळ्यात अडकवून पळाला. मेकअपवाली बाई "मी बघून येते" म्हणाली आणि गेली. रिम्मानं दिग्दर्शकाकडे एकदा बघितलं. तिच्या घरी दोन मुलं होती. तीही गेली.

धूळ बसली. गल्लीत पिंपं होती, एक लाकडी वहाण पडली होती, आणि पिंपांपाशी एकामागे एक मित्या आणि अस्या उभी होती. त्यांच्या पुढे कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं. हललात तर काट, असं सकाळपासून त्यांना बजावलेलं, म्हणून ती हलली नव्हती.

मित्यानं पुढे बघितलं. रिकामी गल्ली, तिच्या टोकाला दुकानाचं दार. मग मागे वळला.

"अस्या, तू पुढे ये."

"कशाला? तुझा नंबर आधीचा आहे."

"ये गं. आता पहिला आहे तो."

अस्यानं त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या बाजूनं पुढे गेली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. मित्या तिच्या मागे, विटेशिवाय, चार बोटं बुटका, छाती पुढे काढून.

कॅमेऱ्याची बारीक घरघर थांबली. रूबेननं भिंगावरून डोळा काढला. तो कुठे गेलाच नव्हता.

"घेतलंस?" इनोकेंती पाव्लोविचनं कुजबुजत विचारलं.

"सगळं. कान लाल झाले तेही."

दिग्दर्शकानं घड्याळ बघितलं. सव्वाचार. स्टेशन दहा मिनिटांवर. तो मुलांजवळ गेला. "झालं रे. छान झालं, फार छान. चला आता, अस्याची गाडी आहे."

दोघं हलली नाहीत.

"काका, वेडे आहात का?" अस्या मागे न बघता म्हणाली. "सकाळपासून उभे आहोत. आत्ता कुठे पहिला नंबर आला."

"अगं, पण ते दुकान खोटं आहे. आत नुसत्या रिकाम्या भिंती आहेत."

"असं सगळेच सांगतात," मित्या म्हणाला.

इनोकेंती पाव्लोविचनं दाराकडे बघितलं. त्याची स्वतःची पाटी, त्याचीच अक्षरं. लोणी, साखर, सॉसेज. सकाळपासून त्याच्या पोटात चहाखेरीज काही नव्हतं. गल्लीत इकडे तिकडे कुणी बघत नाही ना, याची त्यानं खात्री करून घेतली, आणि घसा साफ केला.

"शेवटचं कोण आहे?"

"मी," मित्या म्हणाला. "माझ्या मागे उभे राहा."