मैदानावरील उन्हाचा तह

श्रीसूर्यनारायण प्रसन्न. सूर लागलेले असोत, तेल तापलेले असो, ऐकणाऱ्यांचे कान आणि खाणाऱ्यांचे दात शाबूत असोत. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख मासी एका लहानशा नगरीत उन्हाळी बाजार आणि कलामहोत्सव ऐसे दोन्ही थाट एकाच मैदानावर मांडिले गेले, त्याची हकीगत ऐसी जे, महोत्सवाचे सरनौबत वामनराव गुंजीकर, पूर्वीचे शाळेतील चित्रकला शिक्षक, मोठे हौशी गृहस्थ, परंतु मागील सालची जखम उरी बाळगून होते. गतसाली थोर गायिका मनोरमाबाई ऐन आलापात असता श्रोतृजनांनी तळलेल्या कुरडया कुरकुर चाविल्या, आणि बाईंनी तंबोरा खाली ठेवून रुसून प्रस्थान केले. यंदा वामनरावांनी हातापाया पडून बाईंस फिरोन आणिले आणि चहाच्या टपरीवर सर्वांदेखत पण केला की, बाई यंदाही उठल्या तर या मैदानास पुन्हा तोंड दाखविणार नाही. मग त्यांनी मोठ्या उमेदीने अवघ्या मैदानावर मांडव घातला आणि वर जाड कापड चढविले.

सूर्योदयी महिला मंडळाच्या सेनानी अनसूयाबाई तांबट आपली फौज, चटया, सोरे आणि शिजल्या चिकाची पातेली घेऊन दाखल जाहल्या, तो मैदानी ऊनच नाही! मंडळाच्या कुरडया येथेच वाळाव्या आणि येथल्याच बाजारी विकाव्या, हा पूर्वापार रिवाज. बाईंनी पदर खोचिला आणि थेट वामनरावांवर चालून गेल्या.

"अहो वामनराव, तीन दिवस गहू भिजवलेत, पहाटे उठून चीक शिजवलाय. त्याला काय सांगू, महोत्सव आहे, आज आंबू नकोस म्हणून?"

"पण बाई, छत काढलं तर चित्रं भाजतील हो!"

"चित्रं लिंबाखाली टांगा. कुरडया वाळतील का लिंबाखाली?"

मग तह जाहला तो ऐसा की, दिवसा छत गुंडाळून ऊन बायकांस द्यावे, आणि उन्हे कलताच चटया उचलून जागा श्रोत्यांस द्यावी, आणि तबलजींनी रियाज कुरडयांशेजारी करावा म्हणजे कावळे फिरकणार नाहीत, आणि गाणे चालू असता कोणीही कुरडई चावू नये.

"हातात धरली तर चालेल ना?" अनसूयाबाईंनी विचारिले.

"धरा खुशाल. चावायची नाही!"

मग काय विचारता! लिंबाखाली चित्रे, उन्हात कुरडया, तबल्याच्या धाकाने कावळे परागंदा, बुरुडांच्या टोपल्या, कुंभारांचे माठ, आणि पन्हे तर ऐसे गार की आम्ही पेला खाली ठेवण्यास राजी नव्हतो. दुसरे दिवशी सायंकाळी कुरडया खडखडीत वाळल्या, कढया चढल्या, आणि जो तो हाती फुललेली कुरडई घेऊन मांडवात बसला. वामनरावांनीही अनसूयाबाईंचा मान राखावा म्हणून एक घेतली.

मनोरमाबाईंनी विलंबित ख्याल आरंभिला. अवघी प्रजा तहास जागून स्तब्ध. गाणे ऐसे गोड की डोळे पाणावले, आणि कुरडईचा वास ऐसा की तोंडही पाणावले. आवर्तन संपता संपेना इतके लांबले, बाई समेच्या जवळ जवळ येत चालल्या, वामनराव डोळे मिटून डोलू लागले, देहभान हरपले, आणि बाई समेवर आल्या त्याच क्षणी मांडवात आवाज जाहला: कुर्रम!

अवघ्यांनी वळून पाहिले. वामनरावांच्या मिशीस कुरडईचा चुरा लागला होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. बाई थांबल्या. अनसूयाबाईंनी झाऱ्या हातात तसाच धरिला.

आणि मनोरमाबाई हसल्या. "वामनराव, अगदी समेवर आलात की! आता पुढच्या समेला सगळे. पण आधी कोणी खाल्ली तर मी उठेन हं!"

मग पुढले आवर्तन कोणीही पापणी लवविली नाही, आणि सम येताच अवघे मैदान एकदम कडाडले, आणि बाईंनी "वाहवा!" म्हणून श्रोत्यांसच दाद दिली.

सारांश, चीक आंबला नाही, बाई उठल्या नाहीत, आणि तह ज्याने केला त्यानेच मोडिला म्हणून सर्वांचे कल्याण जाहले. येथे लेखणी ठेवितो, बोटे तेलकट जाहली आहेत.